समन्वयाचा पगार कोण देणार?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आयोजकांनी मला आधी विषय दिला होता ‘ज्येष्ठांची आर्थिक फसवणूक आणि घ्यावयाची काळजी’. मी तो बदलून मागितला. काळजी घ्यायला सांगणारी भाषणं तुम्ही पुष्कळ ऐकली आहेत. ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका. सगळं खरं आहे. पण त्या भाषणांचा सूर असा असतो की फसलात तुम्ही, तेव्हा सावध राहायचं तेही तुम्हीच. बाकीच्यांचं काम पत्रकं छापण्यापुरतं. मला आज त्या बाकीच्यांबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही त्यांच्या खिशाबद्दल.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसले. त्यांच्या पिढीत रोकड जुळल्याशिवाय शाखेतून कुणी घरी जात नसे. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात हिशेब मांडला तर गैर होणार नाही.

मी महसूल खात्यातला. नोकरीची शेवटची वर्षं प्रांताधिकारी होतो, आणि आपल्या राज्यात प्रांत म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालच्या निर्वाह न्यायाधिकरणाचा पीठासीन अधिकारीही असतो. जमिनीचे दावे, टंचाई, निवडणूक आणि मधल्या एखाद्या दुपारी आई-वडिलांचे अर्ज. मी जे बोलणार ते त्या दुपारांतून आलेलं आहे.

एक अर्ज डोळ्यांपुढे ठेवू. तो कुणा एकाचा नाही. अनेक अर्जांचे तुकडे जोडून मी तो तयार केला आहे, म्हणजे कुणाचं घर उघडं पडायला नको. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. यजमान गेलेले, मुलगी परगावी, धाकटा मुलगा जवळ. ‘आई, बँकेच्या चकरा तू कशाला मारतेस,’ म्हणत त्याने कामं हातात घेतली. आधी एटीएम कार्ड त्याच्याकडे गेलं, मग कुलमुखत्यारपत्र झालं, मग दोन मुदतठेवी मुदतीआधी मोडल्या, आणि शेवटी राहत्या घराचं बक्षीसपत्र. मुलगी दिवाळीला आली तेव्हा औषधाच्या दुकानात उधारी होती आणि आई मागच्या खोलीत झोपत होती.

मुलगी पोलीस ठाण्यात गेली. ठाणे अंमलदार म्हणाले, सख्खा मुलगा आहे, घरातलं आहे, दिवाणी बाब आहे. बँकेत सांगितलं गेलं की ठेव मोडण्याच्या अर्जावर सही खातेदाराचीच आहे आणि तुम्ही खातेदार नसल्याने याहून जास्त सांगता येत नाही. दुय्यम निबंधकांकडे कळलं की बाई स्वतः हजर होत्या, अंगठा दिला, फोटो निघाला, दस्त नियमाप्रमाणे नोंदला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बाईंची स्मृती अधूनमधून दगा देते हे दिसत होतं, पण ते लिहून द्या असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. हेल्पलाइनवर फोन लागला, बोलणारी व्यक्ती आपुलकीने बोलली, आणि प्रांतांकडे अर्ज करा असा सल्ला मिळाला. अर्ज माझ्यापुढे आला तेव्हा या ठिकाणचा एकही कागद त्याला जोडलेला नव्हता.

यातला प्रत्येक जण आपापल्या रजिस्टरापुरता बरोबर होता. मी कुणाला दोष देत नाही. अडचण अशी की या सगळ्यांना फोन करून सगळे कागद एका फाइलीत आणणारा माणूस या साखळीत कुठे नेमलेलाच नाही. मी ते काम माझ्या अव्वल कारकुनाला सांगत असे. सातबाराच्या दुरुस्त्या आणि मंत्र्यांचे दौरे यांच्यातून सवड काढून तो ते करायचा. करायचा, कारण माणूस चांगला होता. त्याची बदली झाली आणि ते काम थांबलं. त्या कामाला पद नव्हतं, पदाला पगार नव्हता, पगाराला लेखाशीर्ष नव्हतं. सरकारात ज्याला लेखाशीर्ष नाही ते अस्तित्वात नसतं, हे इथे बसलेल्या निवृत्त सरकारी मंडळींना मी सांगायला नको.

आता कायदा पाहा. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम’ २००७ चा, आपल्या राज्याचे नियम २०१० चे. अर्जाचा निकाल साधारण नव्वद दिवसांत लावायचा. निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. कलम २३ म्हणतं, की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाला रद्दबातल ठरवता येतं. कलम २२ तर राज्याला ज्येष्ठांच्या जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी सर्वंकष कृती आराखडा करायला सांगतं. वाचताना ऊर भरून येतो. पण आराखड्यासोबत पैसा कुठून येणार याची ओळ कायद्यात नाही. निर्वाह अधिकारी नेमायचा, तोही असलेल्या अधिकाऱ्यांतूनच. एका खुर्चीवर दुसरी टोपी.

कलम २३ ची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नवरा-बायकोला वा नातवंडाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. २०१५ पासूनची ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे आणि हजारो घरांचा त्यात फायदा झाला आहे. पण परिणाम असा झाला की आयुष्याची कमाई दुसऱ्याच्या नावावर करणं हे दोन माणसांच्या हॉटेलातल्या जेवणाहून स्वस्त झालं. ती परत मिळवणं मात्र महाग राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सांभाळाची अट होती हे दिसल्याशिवाय कलम २३ लागू होणार नाही. आपल्याकडच्या बक्षीसपत्रांत काय लिहिलेलं असतं? ‘प्रेमापोटी व मायेपोटी.’ अट कुठे असते? आई मुलाला अट घालते का? २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित या मध्य प्रदेशातल्या खटल्यात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने सढळपणे वाचला पाहिजे असं सांगितलं आणि घराचा ताबा परत देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे हेही स्पष्ट केलं. त्या आईकडे मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. ज्यांच्याकडे असा कागद नाही त्यांच्यासाठी दस्त लिहितानाच एक वाक्य घालायला सांगणारं कुणीतरी हवं. त्या वाक्याला खर्च शून्य आहे. सांगणाऱ्या माणसाला आहे.

दुसऱ्या बाजूला अनोळखी चोरांची दुनिया आहे. राष्ट्रीय सायबर तक्रार यंत्रणेकडे आलेल्या तक्रारींनुसार २०२३ मध्ये देशातल्या लोकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. त्यात सगळ्या वयाचे लोक आहेत, पण खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेचा धाक दाखवून पैसे उकळतात त्या ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या प्रकाराचं गिऱ्हाईक बहुतेकदा आपल्या वयाचं असतं, कारण ठेवी आपल्याकडे असतात, पोलिसाचा धाक आपल्याला असतो आणि दिवसभर घरात एकटे आपणच असतो. शिकलेले फसत नाहीत असं कुणी म्हणालं तर वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांचं उदाहरण द्या. २०२४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली गेली आणि ७ कोटी रुपये गेले. पोलिसांनी धावपळ करून त्यातले सव्वापाच कोटी अडवले, ते वेळेत तक्रार झाली म्हणून. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका बाईंचे २० कोटींहून अधिक काही महिन्यांत हप्त्याहप्त्याने गेले. २०२५ च्या ऑक्टोबरात अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, कारण चोरांनी न्यायालयाचेच खोटे आदेश दाखवले होते.

या दुनियेसाठी सरकारने पैसा काढला, आणि त्याबद्दल श्रेय दिलं पाहिजे. २०२१ मध्ये बँका आणि पोलीस यांना जोडणारी यंत्रणा सुरू झाली, तिचाच आजचा नंबर १९३०. तक्रार लवकर झाली तर पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने बँका, पेमेंट कंपन्या, दूरसंचार कंपन्या आणि तपास यंत्रणा यांची माणसं एका छताखाली बसवणारं केंद्र उघडलं. महाराष्ट्राने सुमारे ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प मंजूर केला. सहकार्य ही पैसे घालून उभी करायची गोष्ट आहे, हे इथे सरकारला मान्य आहे.

मग माझ्या अर्जातल्या शिक्षिकेच्या बाबतीत ते मान्य का नाही? मला वाटतं, चोर परका असला की तो गुन्हा ठरतो आणि गुन्ह्याला अंदाजपत्रक मिळतं. चोर घरातला असला की ती ‘घरची बाब’ होते आणि घरच्या बाबीला समुपदेशन मिळतं. आणि तिसरी एक दुनिया आहे, तिला दोन्ही मिळत नाहीत. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये ज्या म्हातारीच्या खात्यात येतात, ती गावातल्या बँकमित्राकडे जाते, यंत्रावर अंगठा लावते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ ऐकून परत येते, आणि पैसे मात्र त्या दिवशीच खात्यातून निघालेले असतात. सगळे बँकमित्र असे नसतात, पुष्कळ जण उन्हातान्हात घरपोच सेवा देतात. पण जिथे होतं तिथे पंधराशे रुपयांसाठी १९३० ला फोन कोण करणार? तिच्या दृष्टीने ते वीस कोटींएवढेच आहेत.

हेल्पलाइनींबद्दल एक सांगतो. सायबरसाठी १९३०, महाराष्ट्रात १९४५ सुद्धा, ज्येष्ठांसाठी १४५६७, तातडीसाठी ११२. सत्तरीनंतर आपल्याला नातवाचा वाढदिवस आठवत नाही आणि सरकार दरवर्षी एक नवा आकडा पाठ करायला देतं. चेष्टा सोडा. १४५६७ चा उपक्रम चांगला आहे, हैदराबादेत टाटा ट्रस्ट्सच्या पाठबळावर तो सुरू झाला आणि २०२१ मध्ये देशभर गेला. पण फोन घेणाऱ्याला पुढे सोपवायला जिल्ह्यात माणूस लागतो. तो नसला की हेल्पलाइन म्हणजे पत्ता सांगणारी खिडकी.

हा माणूस इतर ठिकाणी कसा उभा राहिला ते थोडक्यात पाहू. न्यूयॉर्क राज्यात २०१२ साली केंद्राच्या अनुदानातून एक प्रयोग झाला. ज्येष्ठांच्या छळाच्या आणि आर्थिक लुबाडणुकीच्या गुंतागुंतीच्या प्रकरणांसाठी पोलीस, सरकारी वकील, समाजसेवा खातं, बँक आणि डॉक्टर ठरावीक दिवशी एकत्र बसू लागले. एकत्र बसणं नवं नव्हतं, तशा बैठका आधीही होत. नवं होतं ते असं की त्या बैठकीला पगारी समन्वयक दिला गेला, आणि हिशेब तपासणारा फोरेन्सिक लेखापाल आणि वृद्धांचा मानसोपचारतज्ज्ञ यांना मोबदला देऊन बोलावलं गेलं. बँकेच्या पाच वर्षांच्या उताऱ्यातून पैसा कुठे गेला हे पोलीस हवालदाराने शोधायचं नसतं, ते लेखापालाचं काम आहे. अनुदानाची मुदत संपल्यावर राज्याने आपल्या अंदाजपत्रकातून आणि गुन्हेपीडितांच्या निधीतून पैसा घातला आणि हा प्रयोग राज्यभर नेला. आपल्याकडे पथदर्शी प्रकल्प पथ दाखवतात आणि तिथेच बसतात. म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

त्याच अमेरिकेतली उलट बाजूही पाहावी. २०१० मध्ये तिथे ज्येष्ठांच्या न्यायाचा केंद्रीय कायदा झाला, त्यात कोट्यवधी डॉलर लिहिले गेले, आणि पहिली काही वर्षं संसदेने त्यासाठी नियमित पैसा दिलाच नाही. आपलं कलम २२ तेवढं एकटं नाही. गुन्हेपीडितांचा जो निधी मी म्हटला तो १९८४ पासूनचा. करदात्याचा पैसा त्यात नाही, फेडरल गुन्ह्यांतल्या दंडांवर तो चालतो. ऐकायला छान. पण मोठ्या कंपन्यांशी खटल्याऐवजी समझोते होऊ लागले आणि ती रक्कम निधीऐवजी सरकारी तिजोरीत जाऊ लागली, तसा निधी आटला. २०२१ मध्ये कायदा बदलून ती रक्कमही निधीकडे वळवावी लागली. दंडावर पगार चालवायचा तर गुन्हेगार श्रीमंत असावा लागतो आणि दरवर्षी पकडला जावा लागतो.

ब्रिटनने दोन गोष्टी केल्या. एक काउंटरची. २०१६ मध्ये लंडनमध्ये सुरू होऊन २०१८ पर्यंत सगळ्या पोलीस दलांत गेलेल्या पद्धतीत, घाबरलेला वृद्ध ग्राहक मोठी रक्कम काढायला आला की कॅशियर ठरलेले प्रश्न विचारतो आणि शंका आली तर थेट पोलिसांना फोन करतो. पोलीस शाखेत येतात. दुसरी पैशाची. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पाठवायला लावलेली रक्कम ८५,००० पौंडांपर्यंत ग्राहकाला बँकेने भरून द्यायची, आणि तो भार पाठवणारी बँक आणि ज्या बँकेत चोराचं खातं होतं ती बँक यांनी निम्मा-निम्मा उचलायचा. आपल्या रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारात त्याला वाचवतं, तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर. पण धाकाने स्वतःच्या हाताने आरटीजीएस केलं, तर ते ग्राहकाने केलेलं ठरतं. भाड्याने दिलेल्या खात्यातून चोराचा पैसा पळाला, ते खातं ज्या बँकेने उघडलं तिच्या खिशाला काही लागत नाही. लागायला लागलं तर काउंटरवरचा प्रश्न विचारायला कुणाला शिकवावं लागणार नाही.

आता आपल्या खिशाकडे येऊ. पैसा कुठून येऊ शकतो?

पहिला स्रोत मला सर्वांत योग्य वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. २०१५ च्या अंदाजपत्रकी भाषणात अरुण जेटली यांनी सांगितलं होतं, की पीपीएफमध्ये सुमारे ३,००० कोटी आणि कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीत सुमारे ६,००० कोटी रुपये दावा न झालेले पडून आहेत. त्यातून ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी उभा राहिला, त्याचे नियम २०१६ चे. अल्पबचत, पीपीएफ, ईपीएफ यांतल्या बेवारस रकमा त्यात जातात, दहा वर्षं दावा न झालेल्या विम्याच्या रकमाही जातात. मूळ मालक किंवा वारस २५ वर्षं हक्क सांगू शकतो. हा पैसा कुणाचा? बहुतेक आपल्याच पिढीतल्या लोकांचा. कुणी नॉमिनी लिहायचा विसरला, कुणाचं पासबुक ट्रंकेत राहिलं, कुणाच्या बायकोला खातं आहे हेच माहीत नव्हतं. म्हाताऱ्यांच्या विसरलेल्या पैशाने म्हाताऱ्यांचा आठवणीतला पैसा राखावा, यात मला दान दिसत नाही. तो हक्क आहे. अडचण एवढीच, की निर्णय दिल्लीतली आंतरमंत्रालयीन समिती घेते आणि तिथून योजना निघतात. पंढरपूरच्या किंवा चंद्रपूरच्या समन्वयकाचा पगार तिथून निघत नाही.

बँकांतला दावा न झालेला पैसा वेगळ्या निधीत जातो, रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी होते. ती ठेवीदारांची अमानत आहे, मागितली तर परत द्यायची आहे, मुद्दलाला हात लावा असं मी म्हणणार नाही. पण त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा एक बारीक अंश जागृतीच्या जाहिरातींऐवजी जिल्ह्यांतल्या माणसांवर खर्चायला काय हरकत आहे? जाहिरातीत अमिताभ बच्चन सांगतात. चांगलं सांगतात. ते शिक्षिकेच्या घरी येत नाहीत.

दुसरा स्रोत बँकांचा आणि कंपन्यांचा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चायचा असतो, आणि त्या यादीत ज्येष्ठांच्या सोयी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. मी निवृत्तीनंतर अशा काही कंपन्यांच्या दारात संस्थांबरोबर गेलो. इमारतीला हो म्हणतात, रुग्णवाहिकेला हो म्हणतात, बाकांना तर लगेच. पगाराला ‘बघू’ म्हणतात. समन्वयकाच्या पाठीवर फलक लावता येत नाही.

बँकांच्या पैशात आणखी एक गोम आहे. लंडनमध्ये २००२ पासून पोलिसांचं एक पथक बँकिंग उद्योगाच्या पैशाने चालतं आणि कार्डांच्या टोळ्या पकडण्यात त्याचं नाव आहे. तिथे चोर बाहेरचा असतो. आपल्याकडे लुबाडणारा कधी कधी काउंटरच्या आत बसलेला असतो. येस बँकेचे एटी-१ रोखे आठवा, म्हणजे बँक अडचणीत आली तर ज्यांची रक्कम बुडू शकते असे रोखे. मार्च २०२० मध्ये ८,४१५ कोटींचे रोखे एका फटक्यात शून्य झाले. ते विकत घेणाऱ्यांत निवृत्त माणसं होती, मुदतठेव मोडून घेतलेले, ‘ठेवीसारखंच, व्याज जास्त’ असं ऐकून. एप्रिल २०२१ मध्ये सेबीने बँकेला २५ कोटींचा दंड केला, पुढे प्रकरण अपिलात गेलं. मुदतठेवीच्या नूतनीकरणाला गेलेल्या आजोबांना विमा पॉलिसी हातात देऊन पाठवण्याचे प्रकार तर इथे बसलेल्यांतल्या अनेकांनी पाहिले असतील. ज्या बँकेच्या पैशाने समन्वयकाचा पगार होतो तिच्याविरुद्ध तो कागद कसा लिहील? म्हणून बँकांकडून पैसा घ्यावा, पण सगळ्यांकडून एका सामाईक निधीत, आणि त्या निधीची किल्ली बँकांकडे नसावी.

तिसरा स्रोत माझी स्वतःची सूचना आहे. महसूल खात्यातली सवय, कुठे कर बसेल ते आधी दिसतं. दोनशे रुपयांच्या त्या बक्षीसपत्रावर आणखी ५०० रुपये घ्या आणि ते जिल्ह्याच्या ज्येष्ठ संरक्षण निधीत वळवा. घर देणाऱ्या आईला नाही, घर घेणाऱ्याला ते भरायला लावा. आणि दस्त नोंदवताना सांभाळाची अट छापील मजकुरातच ठेवा. नको असेल त्याने ती खोडावी आणि खोडल्याची सही करावी. काही वकील मित्र म्हणतात, यामुळे लोक बक्षीसपत्रं करणं कमी करतील. करू देत. मृत्युपत्र आहेच, ते हयातीत बदलता येतं.

चौथा स्रोत जिल्हा नियोजन समिती. तिच्याबद्दल अनुभवाने सांगतो. तिथे नावीन्यपूर्ण योजनांसाठी थोडा हिस्सा असतो आणि पालकमंत्री मनावर घेतील तर लवकर हलतं. पण तिथे यंत्र घेणं सोपं, माणूस घेणं अवघड. टॅब्लेट मागा, मिळतील. ते चालवणारा मागितला की आवर्ती खर्च म्हणून फाइल परत येते.

किती पैसा लागेल? माझा हिशेब कच्चा आहे, पण मांडतो. एका जिल्ह्याला एक समन्वयक, महिना ४५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. एक सहायक, महिना २२,०००, वर्षाला २ लाख ६४ हजार. लेखापालाचं मानधन महिना १५,००० धरून १ लाख ८० हजार. मानसिक क्षमतेच्या तपासणीसाठी डॉक्टरांना प्रकरणागणिक मोबदला, वर्षाला एक लाख. गृहभेटींचा प्रवास दीड लाख. फोन, कागद, किरकोळ ६६ हजार. बेरीज १३ लाख. ३६ जिल्ह्यांचे ४ कोटी ६८ लाख. मुंबई, ठाणे, पुणे यांना एका माणसाने भागणार नाही, म्हणून सहा कोटी धरा. ८३७ कोटींच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा. सायबर प्रकल्प कमी करा असं मी म्हणत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून एकेका ज्येष्ठाला ३,००० रुपये एकदाच मिळतात, चष्म्याला, काठीला, श्रवणयंत्राला. तेही हवेत. पण सहा कोटी नाहीत असं मला कुणी सांगू नये.

पैसा मिळाला तर अटी कोणत्या घालायच्या, याचाही विचार आधी व्हावा. देणारे नेहमी विचारतात, किती कार्यक्रम घेतले, किती लाभार्थी, फोटो कुठे आहेत. या कामात फोटो काढणं हाच गुन्हा आहे. मुलाने लुटलेल्या आईचा फोटो उपयोगिता प्रमाणपत्राला जोडायचा? मोजायचंच असेल तर तक्रार आल्यापासून पहिल्या गृहभेटीपर्यंत किती दिवस गेले ते मोजा, आणि बँकेला पत्र गेल्यापासून खात्यावर लक्ष ठेवलं जाईपर्यंत किती तास गेले ते मोजा. पैसा तीन वर्षांसाठी नको, निदान सहा वर्षांसाठी हवा, कारण पहिली दोन वर्षं पोलीस ठाण्याने आणि बँकेने समन्वयकाचा फोन उचलायला लागण्यातच जातात.

आणि एक अट आपल्या स्वतःवर. म्हातारा माणूस म्हणजे लहान मूल नव्हे. समन्वयक घरी आला, त्याने सगळं समजावलं, आणि बाई म्हणाल्या, ‘माझा मुलगा आहे, मी दिलं, मला तक्रार करायची नाही,’ तर त्यांना समज आहे ना एवढं पाहून परत फिरायचं. पुन्हा महिन्याने जायचं. माझ्यापुढच्या कितीतरी अर्जदारांनी सुनावणीच्या दिवशी अर्ज मागे घेतला. मुलगा दाराबाहेर उभा असे. कधी तो धाक असे, कधी खरंच माया, आणि दोन्ही एकाच वेळीही असत. हे वेगळं काढायला कायदा पुरत नाही, वेळ असलेला माणूस लागतो. वेळ विकत घ्यावा लागतो म्हणून मी एवढा वेळ पगाराबद्दल बोललो.

तुमच्या संघाकडून मला काय हवं ते सांगून थांबतो. वर्गणीतून तुम्ही विरंगुळा केंद्र चालवता, चहा-बिस्किटं आणि सहली भागतात. त्या वर्गणीतून समन्वयक ठेवू नका, दोन वर्षांत दम लागेल आणि सरकारला सबब मिळेल. त्याऐवजी तीन अर्ज करा. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांना विचारा, कलम २२ खालच्या आराखड्यावर गेल्या तीन वर्षांत आपल्या जिल्ह्यात किती रुपये खर्च झाले. दुसरा अर्ज जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला, की तिमाही बैठकीत ज्येष्ठांच्या खात्यांचा विषय घ्या आणि संघाच्या प्रतिनिधीला बोलवा. तिसरा पालकमंत्र्यांना. जिल्ह्याचा पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात ठरतो, तेव्हा दिवाळीनंतर उशीर करू नका. तिन्हींचे मसुदे मी टाइप करून आणले आहेत, कार्यवाहांकडे दिले आहेत. तिसऱ्या मसुद्यात पगाराची ओळ जाड अक्षरात आहे. ती काढून त्याजागी ‘जनजागृती मेळावा’ घाला असं तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल.